नारिंगी मशीन

विचुंबे, ता. पनवेल
१२ एप्रिल २००८

दाजी,

इथूनच पाया पडते. आशीर्वाद लगेच देऊ नका, आधी पुढचं वाचा.

मी चेन-सॉ घेतली. पेट्रोलवर चालणारी, लाकूड कापायची, तुमच्या डेपोत होत्या तसली. नवी कुठली परवडायला, जुनीच आहे. पळस्पे फाट्यावर बळीराम भंगारवाला बसतो, त्याच्याकडे जळक्या मोटारींच्या ढिगात पडली होती. फोन केला असता, पण तुमचे कान त्या मशिनींनीच खाल्ले आणि फोन ताई उचलते. तिला निम्मं सांगितलं की उरलेलं ती स्वतःच्या मनाने भरते. म्हणून हे पत्र.

कारण सांगते. आमचे हे गेल्या श्रावणात सोनमोहरावरून पडले ते तुम्हाला माहीत आहे. खुबा जोडला, पण पाय आखडला तो आखडलाच. आता काठी टेकत ओटीवर येतात आणि रस्त्याकडे पाठ करून बसतात, कारण रस्त्यावर झाडं आहेत. इतकी वर्षं पावसाआधी नीलकमल सोसायटीच्या फांद्या आम्हीच छाटायचो. हे वर चढायचे, मी खाली दोर धरायची. यंदा नवा सेक्रेटरी म्हणतो, कोयता-करवतीचं रखडलेलं काम नको, मशीन असेल तर या, नाहीतर कळंबोलीचा माणूस तयार आहे. सात जूनच्या आत काम झालं पाहिजे. परवानगी वगैरे सोसायटीने काढली आहे. हे काम गेलं की शेजारच्या सोसायट्याही त्याच्याच मागे जाणार, मग घरात सासूबाईंची भाजीची टोपली तेवढी उरेल. त्यांच्या म्हातारपणी घर त्या टोपलीवर चालवायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

मशीनचं इंजिन चांगलं आहे, बळीरामने माझ्यासमोर दोरी ओढून सुरू करून दाखवलं. पण चेनवर तेल येत नाही. पनवेलच्या दुकानदाराने उघडून बघितलं. म्हणाला, तेलपंपाची गरारी, म्हणजे दातेरी चाक, झिजून गेली आहे, नवी घालावी लागेल, पण मॉडेल नंबर सांगा, प्रत्येक मॉडेलची गरारी वेगळी असते. आणि हिच्यावर नंबर कुठेच नाही. स्टिकर असलाच तर तो कधीच गेला.

तुम्ही सगळी नोकरी याच मशिनी उघडण्यात घालवलीत. मला हिचं मॉडेल ओळखून द्या.

चालवणार कोण, असं विचारणार असाल, तर मीच.

विनू

*

बल्लारपूर
१९ एप्रिल २००८

चि. विनू,

पत्र वाचलं. आशीर्वाद राखून ठेवला आहे.

भंगारातून मशीन घेणाऱ्याला आमच्या डेपोत कुणी चहासुद्धा पाजला नसता. अगं, घेण्याआधी विचारायचं असतं, घेऊन झाल्यावर नाही. आता घेतलीच आहेस तर नीट उत्तरं दे, अंदाजपंचे लिहू नकोस.

पहिलं म्हणजे रंग. आम्ही डेपोत कंपनीचं नाव कधी घेतलंच नाही. लाल, निळी आणि नारिंगी, एवढ्याच तीन जाती. रंग कळला की निम्मं काम होतं. मग बघ, पट्टी, म्हणजे जिच्यावरून चेन फिरते ती लांब पात, एका नटावर बसली आहे की दोन? चेन आवळायचा स्क्रू समोरून आहे की बाजूने? तेलाची आणि पेट्रोलची टोपी कुठल्या अंगाला? चेनचे आतल्या बाजूचे दात मोज आणि कळव.

तेल येत नाही तोवर चेन फिरवायची नाही. वरून हाताने तेल ओतून भागवीन असलं काही डोक्यात असेल तर काढून टाक. कोरडी चेन तापते आणि तुटते, आणि तुटल्यावर कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. माझ्या करंगळीचं टोक कुठे गेलं ते तू आमच्या लग्नात सगळ्यांना विचारत फिरली होतीस. ते असं गेलं.

कमळाकरचं काय म्हणणं आहे, ते पत्रात कुठे दिसलं नाही.

दाजी

(विने, मी मनानी कायपन भरत नाय. शकू.)

*

विचुंबे
२५ एप्रिल २००८

दाजी,

रंग नारिंगी. नव्या मशिनीसारखा चकाकणारा नाही, मळलेला आहे, पण नारिंगीच. जाड बसला आहे. दोरीच्या बाजूच्या झाकणावर तर कुणी हाताने लावावा तशा बोटांच्या रेघासुद्धा दिसतात. मूठ काळी. पट्टी एकाच नटावर. चेन आवळायचा स्क्रू बाजूने. तेलाची टोपी पुढे, पेट्रोलची मागे, दोन्ही डाव्या अंगाला. चेनचे दात मी आणि सासूबाईंनी मोजले, दोघींचे वेगळे आले, भांडण झालं, मग खडूने खूण करून परत मोजले. बावन्न.

यांचं म्हणणं काहीच नाही. मशीन घरात आली त्या दिवसापासून तिच्याकडे बघितलेलं नाही. ओटीवर ती एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला. परवा मी म्हटलं, निदान उचलून तरी बघा किती जड आहे. तर म्हणाले, "माजा पाय मोरला तो पुरे नाय काय?" मी म्हटलं, तो मोडला म्हणूनच. त्यावर उठून आत गेले.

त्यांना राग नाही, दाजी. त्यांना वाटतं आता मी पडणार. आणि माझ्या मनात येतं, एकजण पडला म्हणून दुसऱ्यानेही खालीच बसून राहायचं, असं कुठे आहे? मला चढायचं नाहीच. वर चढायला दोन गडी आहेत, पातळ फांद्या ते कोयत्याने उतरवतील. मी परांचीवर उभी राहून खालच्या जाड फांद्या घेणार. सगळं डोक्यात मांडून ठेवलं आहे, फक्त गरारी नाही.

लवकर लिहा.

विनू

*

बल्लारपूर
३ मे २००८

चि. विनू,

नारिंगी म्हटल्यावर प्रश्न मिटला. बावन्न दात आणि काळी मूठ म्हणजे नारिंगीतलं मधलं मॉडेल, आम्ही त्याला डेपोत 'मधली' म्हणायचो. एका नटाचं मला जरा खटकलं, मधलीला दोन असतात. पण जुन्या मशिनींत एकच असेल. सोबतच्या पार्सलात गरारी आहे. दुकानदाराकडून बसवून घे, स्वतः ठोकाठोकी करू नकोस.

आणि परांची बांबूची असेल तर तिला चारी बाजूंनी ताण दे. डोक्यावर हेल्मेट पाहिजे. पायात बूट पाहिजेत, चपला चालणार नाहीत. साडी नेसून मशीनजवळ जायचं नाही, कमळाकरची पँट घाल. हे सगळं नसेल तर मशीन सुरूच करायची नाही.

दाजी

*

विचुंबे
१३ मे २००८

दाजी,

गरारी आली. बसत नाही. भोक मोठं आहे, घातली की नुसती खुळखुळते. दुकानदार हसला आणि म्हणाला, वहिनी, ही या मशीनची नाहीच.

काल सेक्रेटरी भेटले. कळंबोलीचा माणूस येऊन झाडं बघून गेला म्हणे. मी म्हटलं, बघू दे, झाडं बघायला कुणाची मनाई आहे. पण घरी येईपर्यंत सात जूनचे दिवस मी चारदा मोजले.

एक विचारते, राग मानू नका. तुम्हाला मॉडेल ओळखून द्यायचंच आहे ना? पहिल्या पत्रात चेन तुटते, करंगळी गेली, कमळाकरचं म्हणणं काय. दुसऱ्या पत्रात हे नसेल तर करू नको, ते नसेल तर करू नको. आणि आली ती चुकीची गरारी. मध्ये महिना गेला. असाच आणखी एक गेला की सात जून उलटेल आणि आपोआप सगळं मिटेल. बाईमाणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसलं की आमच्या गावात लोक असंच करतात, हो हो म्हणतात आणि दिवस काढतात. तुम्ही तसं कराल असं मला वाटलं नव्हतं.

तुम्ही नाही सांगितलंत तरी मी शोधणार. पनवेलपासून ठाण्यापर्यंत जेवढी दुकानं आहेत तेवढ्यांत ही मशीन खांद्यावर घेऊन जाईन.

विनिता

*

बल्लारपूर
१९ मे २००८

विने,

ह्यो कागद मी लिवते, शकू. यांनी लिवाचा नाय असा ठरवलाय. तुजा पत्र वाचला आणि दुपारी ताटावरशी उठले.

तुला काय ठाव ती गरारी कशी आली? या उन्हान हे दोनदा चंद्रपूरला गेले. इथला ऊन काय असते ते तुला पनवेलान बसून कलाचा नाय, दुपारचा रस्त्यान कुत्रा पन नसते. पयल्या येली दुकानान माल नवता. दुसऱ्या येली आनली, आनि घरी येवून माठाजवल आरवे झाले ते सांजपावत उठले नाय. मना बोलले, विनूला सांगू नको, तिला उगाच वाईट वाटंल. आता मी सांगते, वाईट वाटू दे.

दिवस काढाचे असते तर यांनी घरान बसून काढले असते.

तुजी ताई

विनू,

शकूने वर काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. माझं एवढंच ऐक. तुला अडवायचं असतं तर तसं सरळ लिहिलं असतं. माझे कान गेलेत, हात नाहीत.

तुझं पंचवीस एप्रिलचं पत्र पुन्हा काढून बघितलं. एक नट, बाजूचा स्क्रू, दोन्ही टोप्या डाव्या अंगाला. यातली एकही खूण नारिंगीला लागू नाही. सगळ्या एकीकडे बोट दाखवतात आणि एकटा रंग दुसरीकडे. मी रंगाचं ऐकलं, कारण मीच तो पहिला विचारला होता. आता त्या रंगाचीच झाडाझडती घे. त्याच्यावर बोटांच्या रेघा आहेत म्हणालीस. कारखान्यात रंग बोटाने लावत नाहीत. रॉकेलचं फडकं घे आणि घास.

दाजी

*

विचुंबे
२६ मे २००८

दाजी,

नाक घासते. कागदावर दिसणार नाही, पण घासलं आहे. ताईचं पत्र वाचून मी मोरीत जाऊन रडले आणि मग तोंड धुऊन फडकं घेतलं.

घासायला लागले तर रंग सुटून हाताला यायला लागला. उकडत होतं, त्याच हाताने कपाळ पुसलं. तेवढ्यात सासूबाई बाजारातून आल्या. टोपली खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "देवलान कवा गेलीस गो?" मला कळेना. त्यांनी माझा हात धरला, नाकाजवळ नेला, मग ओणव्या होऊन मशीनचा वास घेतला. म्हणाल्या, "शेंदूर हाय ह्यो. तेलान कालवलेला."

दाजी, रंग नव्हताच तो. वर्षानुवर्षं थरावर थर लावलेला शेंदूर होता. लाकडाचा भुसा आणि धूळ बसून कडक झालेला. म्हणून रंगासारखा दिसत होता.

मी लगेच फडकं उचललं, तर सासूबाईंनी ते हिसकावून घेतलं. म्हणाल्या, ज्याने लावला त्याच्याच हाताने निघाला पाहिजे. मी म्हटलं, आई, मशीन आहे ही, देव नाही. तर म्हणाल्या, "शेंदूर लागला म्हंजे कोनीतरी हात जोरलेत तिला. त्यावर तू घासलेट फिरवनार?" मला पटलं असं नाही. बारा दिवस राहिले होते सात जूनला, इथे एकेक दिवस माझ्या अंगावर येत होता. पण माझ्याच्याने पुढे घासवेना.

तशीच मशीन रिक्षात घालून पळस्प्याला गेले. बळीराम म्हणाला, भंगारात कोन नाव-गाव लिवतो, मना नाय आठवत. त्याच्या अंगणात मोठा वजनकाटा आहे, मी जाऊन त्याच्यावर बसले. म्हटलं आठवेपर्यंत बसते. दोन टेम्पो आले, दोन्ही थांबून राहिले, हॉर्न वाजवायला लागले. मग आठवलं त्याला. शिरढोणची गंगाबाई.

गंगाबाई माझ्या आईएवढी असेल. मशीन रिक्षातून उतरवली तशी ओटीवरून उठून आत गेली, मग पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिचा नवरा गणू हीच मशीन घेऊन झाडतोडीला जायचा. खंडेनवमीला कोयते, करवती, मशीन, सगळं पाटावर मांडायचं. बाकी हत्यारांना शेंदराची टिकली, हिला मात्र अंगभर. मी विचारलं, असं का? म्हणाली, "ही सुरू झाली का मी हात जोराची. मी तिला बोलाची, तुला लागल तवरा शेंदूर घे, पन माजा मानूस घेव नको." दर वर्षी आदल्या वर्षाच्या शेंदरावर नवा. गणू दोन वर्षांपूर्वी गेला, तो घरात, कावीळ होऊन. "हिनी माजा ऐकला," म्हणाली. "कावीलीनी नाय ऐकला." मग मशीन डोळ्यांसमोर नको झाली म्हणून दिली भंगारात.

मग तिने विचारलं, "आता चालवनार कोन, तुजा घरवाला?" मी म्हटलं, मीच. मला वाटलं आता ही पण मला अडवायला लागणार, पण नाही. तेल कोमट करून आणलं, मशीन मांडीवर घेतली आणि अंगठ्याने दाबून दाबून शेंदूर सोडवायला बसली. खाली एक कणसुद्धा पडू दिला नाही, सगळा वाटीत. वाटी उद्या गावदेवीच्या पायाशी ठेवणार म्हणाली.

खालून निळी मशीन निघाली, दाजी. आणि दोरीच्या झाकणावर, बोटांच्या रेघा होत्या तिथेच, उठावाची अक्षरं. के ४५. स्टिकर कधी नव्हताच.

मी तिथूनच फाट्यावर जाऊन ताईला फोन केला आणि फक्त नंबर सांगितला, तोही तिच्याकडून चारदा म्हणवून घेतला. पोचला असेल तर वाट बघते.

विनू

*

बल्लारपूर
२८ मे २००८

चि. विनू,

तुझं पत्र अजून यायचं आहे, पण शकूने परवाच पाटीवर नंबर लिहून समोर धरला. तिने मनाने काही भरलेलं नाही, अक्षरही पहिल्यांदाच नीट काढलं आहे.

निळी के ४५. मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. एक नट, बाजूचा स्क्रू, डाव्या टोप्या, या मशीनवर मी नोकरीची शेवटची सगळी वर्षं काढली. तू तिचं नाव सोडून सगळं लिहून पाठवलंस आणि मी उन्हात जाऊन नारिंगीची गरारी घेऊन आलो. रंग कसा फसला ते पत्रात कळेलच.

स्पीडपोस्टाने गरारी पाठवली आहे. वापरलेली आहे, पण दात शाबूत आहेत. कुठून मिळाली ते विचारू नकोस. बसवल्यावर पट्टीचं टोक पांढऱ्या कागदासमोर वीतभर लांब धर आणि जरा जोरात फिरव. कागदावर तेलाची रेघ उमटली तर पंप चालला. मला फोनवरून आवाज ऐकवू नकोस, उपयोग नाही. तो कागद पाठव.

राखून ठेवलेला आशीर्वाद आता देतो. एकच गोष्ट मागतो. कानांवर झाकणं घाल, चांगली जाड बघून घे. मी घातली नाहीत. आता शकू हसते तेव्हा तोंड दिसतं, आवाज येत नाही.

दाजी

(विने, यांच्या खाटेखाली यांची सोताची मशीन हाय, रिटायर झाले तवा लिलावान घेतली व्हती, तीपन निलीच. कोनाला हात लावू देत नाय. काल ती खोलून गरारी कारली. शकू.)

*

विचुंबे
९ जून २००८

दाजी,

या कागदाच्या वरच्या अंगाला जी तेलकट रेघ आहे तिच्यावर पेन चालत नाही, म्हणून खालून सुरुवात केली. बघा नीट. ती तुमच्या गरारीने काढली आहे. कुठून आली ते विचारत नाही, मला माहीत आहे.

काम झालं. पाच तारखेला सुरू केलं आणि सहाला दिवेलागणीला शेवटची फांदी ट्रॅक्टरमध्ये पडली. कळंबोलीवाला पहिल्या दिवशी स्कूटर लावून बघत उभा होता, दुपारनंतर दिसला नाही.

पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच आहे. पाचला सकाळी रिक्षात मशीन ठेवत होते, मी यांची पँट घातलेली, डोक्यावर हेल्मेट, आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तर हे काठी टेकत आले आणि रिक्षात मशीनच्या शेजारी बसले. मी बोलावलं नव्हतं. मी का ते विचारलं नाही. विचारलं असतं तर उतरले असते.

सोसायटीत गेल्यावर भिंतीला टेकून उभे राहिले. मी परांचीवर चढले, गुलमोहराच्या पहिल्या जाड फांदीला चेन लावली आणि हे खालून ओरडायला लागले. माझ्या कानांवर झाकणं, मला काय ऐकू येणार. शेवटी काठी उंच करून परांचीच्या बांबूवर मारली तेव्हा मी मशीन बंद केली. म्हणाले, "वरशी कापशील तर फाटंल ती. आदी खालशी खाच दे." खालून खाच दिली, मग वरून घेतलं. त्यांनी काठीने जमिनीवर जी जागा दाखवली होती, बरोबर त्या जागेवर फांदी येऊन पडली. पुढे दोन दिवस तसंच चाललं. काठी कुठे रोखतात ते बघायचं आणि कापायचं. वर बघून बघून त्यांची मान दुखायला लागली. दहा महिन्यांत ते पहिल्यांदा झाडाकडे बघत होते, दाजी. मला परांचीवर रडू आलं, हेल्मेटमुळे कुणाला दिसलं नाही.

शेजारच्या दोन सोसायट्यांनी बोलावलं आहे. एक कळंबोलीवाल्याकडे गेली, जाऊ दे, त्यालाही घर आहे.

आजपासून पाऊस लागला. सासूबाई घरात आहेत आणि दर अर्ध्या तासाने विचारतात, टोपली घेऊन जाऊ का बाजारात. त्यांना सवयच नाही बसायची.

विनू

*

बल्लारपूर
१७ जून २००८

चि. विनू,

रेघ मिळाली. कुठे तुटलेली नाही, जाडीही सारखी आहे. पंप उत्तम. शकू तेलाचा कागद म्हणून टाकून द्यायला निघाली होती, तिच्या हातातून घेतला.

खालून खाच आधी, हे मी तुला लिहायला विसरलो होतो. कमळाकरला सांग, दाजी म्हणाले, माझी चूक तू निस्तरलीस. आणि त्याला उभं ठेवू नकोस, खुर्ची नेत जा.

खाटेखालची मशीन आता गरारीवाचून आहे. शकू म्हणते, मग भंगारात द्या. मी म्हटलं, देणार नाही, विनूला पुढेमागे तिचे बाकीचे भाग लागतील.

दर दोन टाक्या पेट्रोल संपलं की चेन कानशीने घासून घे.

दाजी

*

विचुंबे
९ ऑक्टोबर २००८, दसरा

दाजी, ताई,

दोघांच्या पाया पडते. सोनं पाकिटात घातलं आहे, पोचेपर्यंत आपट्याच्या पानाचा चुरा होईल, तो दोघांनी वाटून घ्या.

काल खंडेनवमीला गंगाबाईला मुद्दाम बोलावून आणलं. पाटावर यांचे कोयते, करवत, दोर आणि मध्ये मशीन, स्वच्छ पुसलेली. सासूबाईंनी शेंदूर कालवला आणि वाटी गंगाबाईसमोर धरली. मी म्हटलं, मान तुमचा. तिने वाटीला हात लावला नाही. म्हणाली, "माजा मानूस आता हिच्यावर नाय. ज्याचा मानूस हाय, त्यानी लावावा."

सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. हे खाटेवर बसले होते. मला वाटलं, आत जातील. तर काठी बाजूला ठेवली, खाटेच्या पायाला धरून खाली उतरले, आखडलेला पाय तसाच पुढे पसरून पाटासमोर बसले. किती दुखलं असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण मी हात दिला नाही, त्यांना नको असतो. शेंदरात बोट बुडवलं आणि गंगाबाईला विचारलं, "काय बोलाचा असते?"

ती म्हणाली, "तुजा तूच बोल."

मग मला विचारलं, "नंबर कुठं हाय?" मी दाखवला. तो सोडून, त्याच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी एक बोट टेकवलं आणि मशीनजवळ तोंड नेऊन काहीतरी म्हणाले. मी दोन हात लांब उभी होते, मला ऐकू आलं नाही. सासूबाईंना आलं असावं, त्या डोळे पुसत चुलीकडे गेल्या. मी कुणालाच विचारलं नाही.

दाजी, पुढे कधी मशीनचं काही लागलं आणि मी घाईत भलतंच लिहिलं, तर लक्षात असू द्या. मशीन निळी आहे. बोटाएवढी नारिंगी आहे, ती यांची.

विनू